बीव्हरचे बंधारे आणि इथला वणवा

ती. अण्णा आणि आईस सा. न.

आई, फोनवर तू सारखी विचारतेस आग कुठपर्यंत आली, म्हणून आधी तेच सांगतो. आम्ही सगळे ठीक आहोत, आग लांब डोंगरात आहे, बॉइसीत नुसता धूर येतो, खिडक्या बंद ठेवतो आणि पोरांना बाहेर सोडत नाही. अमेरिकेच्या या आयडाहो राज्यात उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच, ऑगस्टपर्यंत डोंगरावरचं गवत पार वाळून जातं आणि मग एक वीज पडली तरी पुरते.

अण्णा, तुम्हाला मात्र बीव्हरबद्दल सांगायचंय. पाण्यात राहणारा कुरतडणारा प्राणी, वीसेक किलोचा, शेपूट चपटी, दात नारिंगी कारण त्यात लोह असतं. इथे नदीकाठी फिरायचा रस्ता आहे तिथे कितीतरी झाडांच्या बुंध्यांना तारेची जाळी गुंडाळलीय, बीव्हरने तोडू नये म्हणून. जाळी नसलेलं एक झाड पाडलेलं बघितलं, बुंधा चहूबाजूंनी कोरलेला, खाली ताज्या ढलप्यांचा खच आणि लाकडावर बोट फिरवलं की दातांच्या खाचा लागतात.

हा प्राणी ओढ्यात आडव्या फांद्या टाकतो, दगड लावतो आणि पुढच्या पंजांनी चिखल लिंपतो. पाणी खोल राहिलं की त्याच्या घराचं दार पाण्याखाली राहतं, कोल्हा-लांडगा आत येत नाही, त्याचा हेतू एवढाच. पण पाणी अडतं, दोन्ही काठांवर पसरतं, जमिनीत मुरतं, वर फांद्या वाहून आणायला तो कुरणात लांब लांब चर खणतो त्यातूनही पाणी जातं, आणि ओढ्याकाठची जमीन भर उन्हाळ्यात ओली राहते. मग आग आली तरी तिथे जळायला कोरडं काही मिळत नाही.

२०१८ साली इथून पूर्वेला हेली गावाजवळ शार्प्स फायर लागली, सुमारे ६५,००० एकर जळालं. त्यातल्या बॉ क्रीक ओढ्याचा वरून काढलेला फोटो बघाच, दोन्हीकडचे डोंगर काळे ठिक्कर आणि मधे बीव्हरची तळी असलेला पट्टा हिरवागार. एमिली फेअरफॅक्स आणि अँड्र्यू व्हिटल यांनी पाच राज्यांतल्या पाच मोठ्या आगींचे सॅटेलाइट फोटो तपासले, २०२० मध्ये त्यांचा पेपर आला. बीव्हर असलेल्या ओढ्यांपेक्षा बीव्हर नसलेल्या ओढ्यांकाठची हिरवाई तिपटीहून जास्त घटली होती. आग विझवत नाहीत ते, डोंगर जळतोच, पण पळून आलेल्या जनावरांना, बेडकांना, माशांना जागा उरते, आणि नंतर पावसाने राख-माती खाली येते तीही बऱ्यापैकी बंधाऱ्यामागे अडते. मला तर हे दुसरं जास्त मोठं वाटतं.

एवढं असून माणसांनी टोप्यांसाठी, फरसाठी बीव्हर मारून मारून संपवत आणले होते. १९४८ मध्ये आयडाहोच्या सरकारने ७६ बीव्हर लाकडी पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटने दुर्गम डोंगरात सोडले, पेटी जमिनीला लागली की आपोआप उघडायची. एकच मेला, बाकी सगळे सुखरूप उतरले! तेव्हा वणव्याचा विचार नव्हता, लोकवस्तीत त्रास देतात म्हणून हलवले होते. आता मात्र मुद्दाम आणतात, कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सात बीव्हरचं एक कुटुंब प्लुमस काउंटीत मायडू या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर सोडलं.

जिथे बीव्हर नाहीत तिथे माणसंच ओढ्यात लाकडी खांब ठोकून त्यात विलो झाडाच्या फांद्या विणतात, अगदी आपल्या वनराई बंधाऱ्यासारखं, फक्त सिमेंटच्या पोत्यांऐवजी फांद्या. पाणी अडलं की बीव्हर आले तर पुढची डागडुजी तेच करतात. शेतात पाणी शिरतं म्हणून शेतकरी वैतागतात, ते खरंय, पण बंधाऱ्यातून पाइप टाकला की पातळी हवी तेवढी ठेवता येते, त्यासाठी प्राणी मारायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे बीव्हर नाहीत आणि आणूही नयेत, पण वरच्या ओढ्यावर एकाच मोठ्या बंधाऱ्याऐवजी लागोपाठ चार-पाच छोटे घातले तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काठ ओला राहील का? जाळरेषा काढायला जाल तेव्हा तिथली जमीन जरा उकरून बघा आणि यंदा बंधाऱ्याचं श्रमदान कधी ठरतंय ते कळवा, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचे पैसे मी पाठवतो.

तुमचा,
बाळू