चाकांतील हवेविषयी बाबांस

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. माझी प्रकृती उत्तम आहे. नोकरीचे सर्व तुम्हांला ठाऊक आहेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. गेल्या आठवड्यात फोनवर बाबांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर न देता मी घाईने फोन ठेवला, आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिले आहे. हवा तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही असे ज्या मुलाला शिकवले, तो दर रविवारी शर्यतीच्या गाडीच्या मागच्या चाकांतील हवा मुद्दाम कमी का करतो, असे बाबांनी विचारले होते.

बाबा, तुमची शिकवण मी विसरलेलो नाही. रस्त्यावरच्या मोटारीत साधारण ३२ ते ३५ पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) हवा लागते आणि ती फार कमी झाली की टायर तापून फुटू शकतो, हे तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. मात्र ड्रॅग रेसची गाडी सरळ रेषेत क्वार्टर माईल, म्हणजे १३२० फूट, धावते आणि तिची खरी परीक्षा पहिल्या क्षणात, जागेवरून सुटताना होते. तिच्या मागच्या चाकांना स्लिक म्हणतात. त्यांवर नक्षी नसते, रबर मऊ असते आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, पातळ असते. गाडी सुटताना रिम आधी फिरते, साइडवॉलला सुरकुत्या पडतात आणि जमिनीला टेकलेले रबर तेवढा वेळ पकड धरून राहते. हवा कमी असली तरच साइडवॉल अशी दुमडते आणि टायरचा अधिक लांब भाग जमिनीवर बसतो. आमची गाडी सुमारे १३५० किलोची आहे आणि तिला बायस-प्लाय, म्हणजे आतल्या धाग्यांचे थर तिरपे असलेले, स्लिक आहेत, त्यामुळे आम्ही १४ पीएसआयपासून सुरुवात केली. गाडी हलकी असेल तर आकडा खाली येतो. रेडियल, म्हणजे धागे आडवे असलेल्या, स्लिकचा हिशेब वेगळा असतो. सर्वांत वेगवान टॉप फ्युएल गाड्यांच्या मागच्या चाकांत तर १० पीएसआयपेक्षाही कमी हवा असते.

आईला व्हिडिओमध्ये जो धूर दिसला आणि ज्यामुळे तिला रात्री झोप लागली नाही, तो आगीचा नव्हता. त्याला बर्नआउट म्हणतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही हा प्रकार समजेना, कारण येथे नवे टायर लोक स्वतःच्या हाताने जाळत आहेत असेच वाटते. सुरुवातीच्या रेषेच्या मागे जमिनीवर थोडे पाणी टाकलेले असते. मागची चाके त्या पाण्यातून फिरवून किंचित पुढे आणतात, पुढची चाके ब्रेकने धरून ठेवतात आणि मागची जागच्या जागी फिरवतात. ओलाव्यामुळे चाके सहज घसरून फिरू लागतात, मग पाणी उडून जाते, रबर तापते, त्यावरची धूळ व बारीक खडे निघून जातात आणि वरचा थर चिकट होतो. ट्रॅकवरही चिकट द्रव फवारलेला असतो. मी तेथे उभा राहतो तेव्हा माझे बूट प्रत्येक पावलाला धरले जातात. तापलेले रबर आणि चिकट जमीन एकमेकांना भेटावीत, एवढ्यासाठी हा धूर असतो. त्याचा माझ्या कामाशी संबंध असा की, टायर तापला की आतली हवाही तापते आणि दाब चढतो. म्हणून बर्नआउट प्रत्येक वेळी सारखाच व्हावा असा माझा आग्रह असतो. तो कधी लहान आणि कधी मोठा झाला, तर सकाळी मोजलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

योग्य आकडा शोधण्यासाठी घाई चालत नाही. साठ पीएसआयपर्यंतचा साधा गेज, म्हणजे हवा मोजायचे यंत्र, इतक्या खालच्या दाबाला भरवशाचा नसतो, म्हणून मी कमी दाबाचा वेगळा गेज ठेवला आहे आणि तोच एक वापरतो, कारण दोन गेज क्वचितच एकसारखे बोलतात. एका वेळी अर्धा पीएसआय बदलायचा आणि दुसरे काहीही बदलायचे नाही. गाडी सुटली की जमिनीवर उमटलेले पट्टे पाहायचे: मधला भाग गडद असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गडद आणि मध्य फिका असेल तर हवा कमी, आणि संपूर्ण रुंदी सारखी काळी दिसली तर आपण जवळ आलो. त्यानंतर धाव संपल्यावर मिळणाऱ्या वेळेच्या पावतीवर पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ पाहायचा. आमचा वेळ १४ वर १.६४ सेकंद होता, १३ वर १.५९ आणि १२.५ वर १.५६ झाला. उन्हाचेही भान ठेवावे लागते, कारण तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर एवढ्या दाबाच्या टायरमध्ये जवळजवळ एक पीएसआय वाढतो. एक चाक उन्हात आणि दुसरे सावलीत राहिले तर दोन्हींचा घेर सारखा राहत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. म्हणून उन्हातल्या चाकावर मी कापड टाकतो.

हा बेफाम पोरांचा खेळ नव्हे. रस्त्यावरच्या शर्यती थांबाव्यात म्हणून येथे अमेरिकेत १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली, आणि तिच्या नियमांनुसार १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर अंतर कापणाऱ्या गाडीच्या चालकाला हेल्मेट सक्तीचे आहे. मी गाडी चालवत नाही, हे मी पूर्वी सांगितले होते. ते पूर्ण खरे नव्हते. मे महिन्यात एका रविवारी मी स्वतः चालवली आणि त्या दिवशी हवा ११ वर मीच आणली होती. सुटताना गाडी उत्तम गेली, पण शेवटच्या टप्प्यात वेग वाढल्यावर मागची बाजू डोलू लागली आणि मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. नंतर पाहिले तर साइडवॉलपासून रिमपर्यंत काढलेली पांढरी खूण तुटली होती. टायर रिमवर दोन बोटे सरकला होता. आता टायर सरकू नये म्हणून रिमला स्क्रू बसवले आहेत, आकडा १२.५ च्या खाली जात नाही, आणि मी चालवतही नाही. त्या संध्याकाळी तुमचा फोन आला होता आणि मी सर्व ठीक आहे असे म्हणालो होतो. मला क्षमा करावी.

या महिन्याचा कर्जाचा हप्ता आठ दिवस उशिरा पाठवला, कारण नव्या स्लिकच्या जोडीत माझा वाटा होता. पुढल्या महिन्यापासून हप्ता आधी निघेल आणि उरले तरच टायर. धाकटीचे लग्न ठरले त्या दिवशी मी ट्रॅकवर होतो आणि मला ते रात्री कळले. तिने एका शब्दाने बोलून दाखवले नाही, याचेच अधिक वाईट वाटते. लग्नाची तारीख हंगामाच्या शेवटच्या शर्यतीवर आली तरी मी येईन. माझी वही आणि गेज सोबत्याच्या हाती देण्याचे ठरले आहे. तारीख कळवावी, म्हणजे लगेच तिकीट काढतो. आईने माझ्यासाठी ज्या स्थळाविषयी लिहिले आहे त्यांना कृपया अद्याप शब्द देऊ नये. मी आल्यावर समोर बसून बोलू.

धाकटीस अनेक आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मुलगा