झेंड्यांचं सगळं सांगतो, निवांत वाच

अरे दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस की ते झेंडे घरी नक्की करतोस कसे, आणि मी म्हटलं पत्रातच लिहितो, फोनवर अर्धं राहिलं असतं. आज वेळ मिळालाय. झेंडे म्हणजे बागेत कुंड्यांच्या शेजारी छोट्या दांडीला लावतात ना ते, साधारण १२ बाय १८ इंचाचे, त्यावर चित्र, नाव, काय हवं ते.

शाळेत संप्लवन शिकलेलो आठवतं? कपाटातल्या डांबराच्या गोळ्या न वितळताच हळूहळू उडून जातात ते. झेंड्यांना लागते ती सब्लिमेशन, म्हणजे संप्लवनाची, शाई तशीच वागते बघ. सब्लिमेशन पेपरवर चित्र उलटं छापायचं, आरशात दिसतं तसं, मग तो कागद कापडावर पालथा ठेवून हीट प्रेसमधे, म्हणजे तापलेल्या सपाट पाटीने दाबणाऱ्या यंत्रात, साधारण २०० डिग्री सेल्सियसला मिनिटभर दाबायचा. उष्णतेने रंगाचा सरळ वायू होतो, पॉलिस्टरचे धागे तेवढ्या वेळापुरते सैल पडतात, रंग आत शिरतो आणि गार झालं की आतच अडकतो. म्हणून झेंड्यावरून हात फिरवला तर छपाई हाताला लागतच नाही, नुसतं कापड लागतं. इतके झेंडे झाले तरी मी दर वेळी हात फिरवून बघतो.

आणि म्हणूनच सुती कापड चालत नाही. तू म्हणालास घरात चादरी पडल्यात, त्यावर करू का, तर नको. मी एका जुन्या सुती कापडावर केलं होतं, दिसायलाही फिकट आणि पहिल्या धुण्यात बरंचसं गेलं. पॉलिस्टरच हवं, आणि तेही पांढरं किंवा अगदी फिकट, कारण या शाईत पांढरा रंग नसतोच, चित्रातला पांढरा म्हणजे कापडाचाच पांढरा. गडद कापडावर काही उठत नाही.

प्रिंटरचं थोडक्यात सांगतो. साधी शाई असलेला प्रिंटर नाही चालत, सब्लिमेशनची शाई लागते, आणि जे प्रिंटर शाई तापवून फेकतात त्यात ती घालायची नाही. शाई टाकीत ओतायचा एप्सनचा प्रिंटर घेऊन पहिल्या दिवसापासून हीच शाई भरणारे बरेच जण आहेत. मात्र दर आठवड्याला एखादं रंगीत पान काढत जा, नाहीतर प्रिंटरचं हेड, म्हणजे शाई फेकणारा भाग, चोंदतं. आणि साइज बघून घे, ए थ्री कागदसुद्धा या झेंड्याला थोडा कमी पडतो, १३ बाय १९ चा लागतो.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुझे पैसे वाचतील. मी प्रेस घेतला १५ बाय १५ इंचाचा, झेंडा १८ इंच लांब हे डोक्यातच आलं नाही. मग वाटलं दोनदा दाबू, आधी वरचा भाग मग खालचा. झालं काय, मधला पट्टा दोनदा तापला आणि तिथे काळा रंग तपकिरी पडला, शिवाय सरकवताना कागद केसभर हलला आणि प्रत्येक अक्षराला सावली आली. ते कापड वाया गेलं. तू १६ बाय २० चाच घे. आणि इस्त्रीचं विचारलंस ना, इस्त्रीत उष्णता सगळीकडे सारखी नसते आणि वाफेची भोकं असतात तिथे डाग राहतात, झेंड्याएवढ्या कामाला नकोच.

सावली येऊ नये म्हणून कागद उष्णता सहन करणाऱ्या टेपने चारी बाजूंनी पक्का करायचा, आणि प्रेस उघडला की कागद एका झटक्यात वर उचलायचा, घसरवायचा नाही, कारण कापड गरम असेपर्यंत रंग अजून उडत असतो. कागद लावायच्या आधी कापडावर लिंट रोलर, म्हणजे तंतू उचलणारा चिकट रोलर, फिरवायचाच, एक बारीक तंतू राहिला तरी निळा ठिपका उठतो आणि तो परत निघत नाही. मग नुसतं कापड पाच-दहा सेकंद दाबून ओल घालवायची. वर-खाली कोरा कागद ठेव, नाहीतर प्रेसलाच रंग लागून पुढच्या झेंड्यावर उतरतो. आणि हो, खिडकी उघडी ठेव.

दांडी घालायची वरची शिवण जाड असते, ती प्रेसच्या बाहेर लोंबू द्यायची. आत राहिली तर तिच्या शेजारी दाब पोचत नाही आणि तिथे फिकट पट्टा राहतो.

कागदावर रंग एकदम मळकट दिसतात, घाबरू नकोस. मी सुरुवातीला स्क्रीनवर रंग वाढवत बसायचो आणि झेंडा भडक व्हायचा. शाईसोबतचं कलर प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवून देणारी फाइल, लाव आणि आधी एका तुकड्यावर काढून बघ, कागदावरून ठरवू नकोस.

दोन्ही बाजूंनी वाचता यावा असं असेल तर एका कापडावर नाही जमत, उजेडात मागचं आरपार दिसतं आणि अक्षरं उलटी वाचावी लागतात. मी दोन वेगळी कापडं छापतो आणि मधे उजेड अडवणारं गडद कापड घालून शिवतो. वेळ जातो पण वाऱ्यावर फिरला तरी दोन्हीकडून नीट वाचता येतो, मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो. एक मात्र आहे, पाण्याने रंग जात नाही पण कडक उन्हात कायम ठेवला तर फिका पडतोच, त्यामुळे थोडी सावली असेल अशी जागा निवड.

आता तुझं काम. कॉलेजात तू वहीच्या मागच्या पानांवर पक्षी काढायचास ना, ती वही अजून आहे का? असेल तर तो डोकं खाजवणारा पक्षी स्कॅन करून पाठव, मोबाइलवर फोटो काढून नको, पाठवताना त्याची साइज कमी केली जाते आणि रेघा फुटतात. ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतील, म्हणजे १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआय, दर इंचाला ३०० ठिपके. चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळं ठेव. पहिला झेंडा मी त्याचाच करतो, दोन्ही बाजूंचा, आणि एक तुला पाठवतो.

तुझाच