खुणांची भाषा शिकवणारं माणूस तालुक्याला द्या

मा. मंत्रिमहोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन

सलाम. आम्हा ख्रिस्ती माणसांचा हा नमस्कारच, गोड मानून घ्यावा.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातली आई. मुलगी जन्मतः कर्णबधिर. बाळंतपण झालं तिथे बाळाचं वजन झालं, लस टोचली, कान कुणी तपासले नाहीत. दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून ऐकण्याचं मशीन बसवलं. जन्मतः बहिऱ्या मुलाला ती मदत पाच वर्षांच्या आतच मिळते, म्हणून नुसती धावपळ. उपकार विसरणार नाही. पण अंघोळीला, झोपताना मशीनचा बाहेरचा भाग काढला की पोरीला काही ऐकू येत नाही. रात्री ताप चढला तर कुठे दुखतंय हे विचारायचं कसं? खुणेनेच ना! आणि थेरपीच्या ठिकाणी तंबी काय, तर ‘हातवारे करू नका, बोलायची नाही.’

चर्चच्या मंडळीतही सुरुवातीला ‘प्रार्थना करा, बरी होईल’ म्हणणारेच जास्त. पाळकबाबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मात्र बायबलमधला मार्काचा सातवा अध्याय काढला. येशूने बहिऱ्याला गर्दीतून बाजूला नेलं, कानांत बोटं घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिलं. तोंडाने बोलला तो त्यानंतर. तेव्हापासून पाळकबाबा लेकीकडे पाठ फिरवून बोलत नाहीत. शब्बाथ शाळेची, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेची, पोरं व्हिडिओ बघून प्रभूची प्रार्थना हातांनी म्हणतात. ‘रोजची भाकर’ आली की दोन्ही तळव्यांनी भाकरी थापतात. ही खूण आमची घरचीच, दिल्लीच्या सांकेतिक भाषेच्या कोशात असेल-नसेल. गाणी चालू झाली की लेक ढोलकीच्या खोडाला हात टेकून बसते. मला धीर मिळाला तो या लोकांमुळे.

पण घरच्या खुणांवर शाळा निभत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 16 मध्ये, कर्णबधिरांना त्यांना योग्य अशा भाषेतून शिक्षण देण्याचं लिहिलंय. 2021 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयात भारतीय सांकेतिक भाषा, म्हणजे खुणांची भाषा, हा विषयही झाला. आमच्याकडे ती शिकवणार कोण?

तालुक्याला एक शिक्षक द्या, शक्यतो स्वतः कर्णबधिर असलेला, आणि मानधन वेळेवर द्या. आठवड्यातून एक वर्ग, मुलांसोबत आईबापांचाही. शेजारच्या वाडीत एका मुसलमान आणि एका धनगर कुटुंबातही अशी मुलं आहेत, त्यांनाही यायचंय. जमल्यास ग्रामीण रुग्णालयात नवजात बाळांची कानतपासणीही सुरू करा.

जागेची अडचण सांगू नका. रविवारी उपासना संपली की चर्चचा हॉल दुपारभर मोकळा असतो, भाडं नको. शिक्षक कधी पाठवता तेवढं कळवा.

आपली,
एका कर्णबधिर मुलीची आई