बॅकवॉटरला जातोयस म्हणून

कोल्हापूर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

दाजीपूरकडं, राधानगरी धरणाच्या बॅकवॉटरला मुक्काम करणार म्हणालास. खुशाल जा. फक्त आधी वनखात्याची परवानगी काढा, अभयारण्यात मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही.

पाण्याच्या काठाला लागून तंबू फोटोत छान दिसतो, पण झोपायला ती जागा वाईट. पावसाळा सरला की धरणाचं पाणी उतरत जातं आणि मागं गाळ उरतो. वर पापुद्रा वाळून भेगाळलेला, खाली चिखल तसाच. त्यात म्हशी रुततात, तिथं तुमचं काय! काठी टेकवत चाला. रुतलास तर पाय ओढत बसू नको, मागं रेल, अंगाचं वजन पसरू दे आणि हळूहळू पाय सोडव. शिवाय सांजेला नि पहाटे गवे पाण्यावर येतात. खुरांचे ठसे दिसले की तिथून लांब, उंचवट्यावर जागा धरा, तीही उजेडातच.

‘थंडीत साप बिळात असतात’ असं तुझ्या मित्रानं सांगितलंय म्हणे. माझं माहेर उसाच्या रानातलं, मला नको सांगू. घोणस थंडीतही फिरते. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला की जागीच थांब, मग सावकाश मागं सर. मण्यारीचं वेगळंच. ती रात्री अंथरुणात शिरते, चावलेलं दुखत नाही, सूजही येत नाही. मग पोट दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात. तेव्हा कुणाचे डोळे जड झाले तर जागरण झालं असेल म्हणून सोडून देऊ नका. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही. १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना, लस तिथं मिळते. मोबाईलला रेंज कुठं येते ते दिवसाच बघून ठेवा. तंबूची चेन रात्रभर बंद, बूट आत.

गारठलात तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेऊ नका. धूर दिसला नाही तरी बंद जागेत निखाऱ्यांचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

भाकऱ्या नि कांदा-लसूण चटणी बांधून देते. खरकटं तंबूपाशी टाकू नका, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागं साप.

तुझी,
आई