तत्काळ तिकिटासाठी घेतलेले हमी शुल्क आणि चुकीची माहिती यांबाबत तक्रार

डोंबिवली (पूर्व)
दिनांक : 8 सप्टेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 25 ऑगस्ट 2025 रोजीचे मुंबई सीएसएमटी ते कुडाळ प्रवासाचे तत्काळ तिकीट न मिळाल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

गणपतीसाठी गावी जाण्याकरिता मी आपल्या तिकीट एजन्सीच्या डोंबिवली येथील शाखेत 2 ऑगस्ट रोजी चार प्रवाशांच्या तिकिटांची मागणी नोंदवली होती. आरक्षणाची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली असल्याने 25 ऑगस्टच्या गाड्यांचे आरक्षण 26 जून रोजी उघडले आणि त्या सकाळी मी स्वतः प्रयत्न करूनही कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये जागा मिळू शकली नाही. (आपल्या शाखेतील फलकावर आजही चार महिने आधी आरक्षण करा असे लिहिलेले आहे, तो कृपया उतरवावा.) रोहा ते वीर एवढा टप्पा वगळता कोकण रेल्वेचा मार्ग अद्याप एकेरी आहे आणि गणपतीच्या दिवसांत जादा गाड्या सोडूनही जागा अपुऱ्या पडतात, हे चाकरमान्यांना नवीन नाही. त्यामुळे जागा मिळाली नाही एवढ्यावरून मी हे पत्र लिहिलेले नाही.

माझी तक्रार अशी की, जे आपल्या हाती नव्हते ते आपण मला विकले. आपल्या कर्मचाऱ्याने प्रत्येकी 350 रुपये, म्हणजे एकूण 1,400 रुपये 'तत्काळ हमी शुल्क' म्हणून घेतले आणि 24 ऑगस्ट रोजी सकाळी 11 वाजता खिडकी उघडताच स्लीपरची चार तिकिटे काढून देण्याचे आश्वासन दिले. वस्तुतः जुलै 2025 पासून रेल्वेच्या अधिकृत एजंटांना तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या अर्ध्या तासात तिकीट काढता येत नाही. वातानुकूलित वर्गासाठी ही बंदी 10 ते 10.30 आणि इतर वर्गांसाठी 11 ते 11.30 अशी आहे. आपली कंपनी अधिकृत एजंट असल्याचे आपल्याच पावतीवर छापलेले आहे. म्हणजे ज्या अर्ध्या तासात तत्काळच्या जागा संपतात, नेमक्या त्याच अर्ध्या तासात आपल्याला संगणकासमोर बसून राहण्याखेरीज काहीही करता येणार नव्हते आणि पैसे घेताना हे आपल्याला ठाऊक नव्हते असे मानणे मला कठीण जाते.

याहून गंभीर बाब अशी की, माझे आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडून पडताळलेले आहे. संकेतस्थळावरून तत्काळ तिकीट काढण्यासाठी 1 जुलैपासून ही पडताळणी आवश्यक झाल्याने मी ती जूनमध्येच करून ठेवली होती. तरीही, त्याच प्रवाशांच्या नावे मी स्वतः तिकीट काढू लागलो तर दोन्ही व्यवहार अडकतील, असे सांगून आपल्या कर्मचाऱ्याने मला त्या सकाळी प्रयत्न करण्यापासून परावृत्त केले. सामान्य प्रवाशासाठी राखून ठेवलेला अर्धा तास मी आपल्या शब्दाखातर वाया घालवला. आपण पाठवलेल्या तिकिटावर आरक्षणाची वेळ 11.34 अशी छापलेली असून चारही नावे तत्काळच्या प्रतीक्षायादीत आहेत.

पुढे जे घडले त्यात तर हलगर्जीपणाच दिसतो. आरक्षणाचा चार्ट पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी तयार होत असे. जागा न मिळालेल्या प्रवाशाला दुसरी सोय पाहता यावी म्हणून ही वेळ जुलै 2025 पासून आठ तासांवर नेण्यात आली होती. रात्री अकरानंतर सुटणाऱ्या आमच्या गाडीचा चार्ट त्यानुसार दुपारी तीनच्या सुमारास लागला. तिकिटावर आपण आमच्याऐवजी शाखेचा मोबाईल क्रमांक दिलेला असल्याने रेल्वेचा संदेश आपल्याकडे आला आणि आम्हाला तो रात्री 8.30 वाजता, सामान बांधून झाल्यावर, दूरध्वनीवरून कळवण्यात आला. त्याच वेळी, 'गाडीत चढा, टीसी सांभाळून घेईल,' असाही सल्ला मिळाला. प्रतीक्षायादीतील ई-तिकीट चार्ट लागताच आपोआप रद्द होते आणि ते घेऊन चढणारा प्रवासी विनातिकीट ठरतो, एवढे तरी तिकिटांचा व्यवसाय करणाऱ्यास माहीत असावे. माझ्या 74 वर्षांच्या आईसह आम्ही तो सल्ला मानला असता तर दंड आम्हाला भरावा लागला असता.

अखेर आम्ही खाजगी बसने प्रत्येकी 2,200 रुपये देऊन निघालो आणि महामार्गावरील कोंडीत सतरा तास काढून हरतालिकेच्या दिवशी सायंकाळी घरी पोहोचलो. दुपारी तीनला कळले असते तर एसटीच्या जादा गाडीची चौकशी करता आली असती.

आता पैशांविषयी. रद्द झालेल्या तिकिटापोटी रेल्वेने प्रत्येकी 60 रुपये कापले, ते नियमानुसार असल्याने त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु आपण हमी शुल्क परत करण्यास नकार दिला आणि शिवाय 'भाडेवाढ फरक' म्हणून घेतलेले प्रत्येकी 50 रुपयेही ठेवून घेतले. 1 जुलैपासून झालेली वाढ मेल-एक्स्प्रेसच्या बिगरवातानुकूलित वर्गासाठी किलोमीटरला एक पैसा आहे. हजार किलोमीटर धरले तरी ती दहा रुपये होते, आणि कुडाळ तेवढे लांब नाही. शिवाय ही वाढ तिकिटाच्या भाड्यात आधीच धरलेली असते, ती वेगळी वसूल करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

सबब, हमी शुल्काचे 1,400 रुपये आणि भाडेवाढीच्या नावाखाली घेतलेले 200 रुपये असे एकूण 1,600 रुपये, तसेच बसभाडे व रेल्वेभाडे यांतील फरक, हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. आईला झालेल्या त्रासाचे मोल मी यात लावलेले नाही. हमी शुल्काची ही योजना आपल्या शाखेत अजूनही चालू असल्याचे मी गेल्या आठवड्यात पाहिले. दिवाळीची गर्दी तोंडावर असताना ती तत्काळ बंद करून तसे मला लेखी कळवावे. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणे मला भाग पडेल.

सोबत आपली पावती, 11.34 ची वेळ असलेले तिकीट, बसच्या तिकिटांच्या प्रती आणि शाखेतील फलकाचे छायाचित्र जोडले आहे.

आपला,
एक ग्राहक
(पावतीवरील नाव व क्रमांकानुसार)