मोडायची गाडी नीट बांध

कोल्हापूर, 12 मे

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी तोडून बोललो. "एवढं शिकवलं ते गाड्या ठोकायला का?" म्हणालो, फोन आईच्या हातात दिला आणि चप्पल अडकवून शॉपवर आलो. सुट्टी होती, उद्यमनगरात चिटपाखरू नव्हतं. अर्धं शटर वर करून दोन तास नुसता बसलो. 34 वर्षं मी लोकांच्या ठोकलेल्या गाड्या सरळ करतोय. चेसी सरळ झाली का ते कर्णात दोरा धरून मापायचं, हे तू चौथीत असताना शिकलीस, आणि दोऱ्याचं दुसरं टोक तूच धरायचीस. त्याच हातांनी तू मोडण्यासाठी गाडी बांधतेयस, हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

खरं तर तो खेळ, गाड्या एकमेकींवर आदळायची तुमची डिमॉलिशन डर्बी, मी बघितलाय. गेल्या जुलैत तूच नेलं होतंस. तुमच्या अमेरिकेतल्या आयोवात 99 काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे, आणि उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येकीची आपली जत्रा. दिवसभर पोरांनी पाळलेली डुकरं आणि कालवडी बघितल्या, तुझ्या आईनं मक्याची कणसं खाल्ली आणि "आपल्यासारखी चव नाही" म्हणाली. संध्याकाळी मैदानात टँकरनं पाणी मारायला सुरुवात झाली. मला वाटलं, कुस्तीच्या आधी हौद्यातली माती भिजवतात तसं धूळ बसवण्यासाठी असेल. तू सांगितलंस, चिखलात चाकं घसरली की वेग कमी राहतो, म्हणून. चारी बाजूंना सिमेंटचे ठोकळे, कडेला अग्निशमनची गाडी. सगळ्या गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या. लोकांनी उलटे आकडे मोजले आणि पहिली धडक बसली.

पत्रा चेपल्याचा आवाज मी रोज ऐकतो, पण तो हातोड्याचा, एकेक. तिथं एकदम 10-12 गाड्या. माझ्या पोटात कालवलं. मग हळूहळू खेळ कळायला लागला. सगळेच रिव्हर्समध्ये! पुढं रेडिएटर, तो गेला की इंजिन गेलं, म्हणून पुढची बाजू राखायची आणि डिकीनं मारायचं. दुसऱ्याचं मात्र पुढचं चाक हेरायचं. चाकं वळवणारा टायरॉड वाकला की गाडी फिरतच राहते, सरळ जात नाही. ठरावीक वेळात कुणाला धडकला नाहीस तर पंच बाद करतो, म्हणजे कोपऱ्यात दबा धरून जिंकायची सोय नाही. गाडी थकली की ड्रायव्हर स्वतःच्या हातानं दाराशी गाडीच्या खांबाला बांधलेली काठी मोडतो, आणि काठी मोडलेल्या गाडीला मग कुणी हात लावत नाही. हे मला आवडलं. आपल्याकडं कुस्तीत पाठ टेकली की नाही यावर अर्धा तास भांडण चालतं.

न्यूयॉर्कजवळच्या आयस्लिपच्या रेसट्रॅकवर 1958 मध्ये लॅरी मेंडेलसोन नावाच्या माणसानं हा खेळ रुजवला, असं तू सांगितलंस. लोक शर्यतीपेक्षा धडकांना जास्त ओरडतात, हे त्यानं हेरलं म्हणे. असे सामने त्याच्याही आधी होत होते असं काही जण म्हणतात, तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. पण वॉशिंग्टन राज्यात लिंड गावात 1988 पासून शेतकरी जुन्या गव्हाच्या हार्वेस्टरची टक्कर लावतात, हे मी इथं शॉपमध्ये सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. आपल्याकडं ऊसतोडणी यंत्रांची लावली तर कारखान्यांचे संचालक पहिल्या रांगेसाठी भांडतील.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. 2009 साली अमेरिकेच्या सरकारनं जुन्या गाड्या जमा करून नव्या घ्यायला पैसे दिले. पावणेसात लाखांच्या वर गाड्या गेल्या, आणि परत रस्त्यावर येऊ नयेत म्हणून तेल काढून इंजिनात सोडियम सिलिकेट ओतलं. आपल्या फाउंड्रीत साच्यातला वाळूचा कोअर बांधायला वापरतो तेच सिलिकेट! इंजिन चालू ठेवायचं आणि ते आतून जाम होऊन मरेपर्यंत बघत उभं राहायचं. मी फिटर माणूस, मला हे ऐकवलं नाही. त्यापेक्षा तुमच्या चिखलात गेलेली गाडी बरी, एवढं मान्य करतो.

आता तुझ्या गाडीचं. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया घेतलीस, पोलिसांची निकामी काढलेली. निवड बरोबर आहे. बॉडी वेगळी आणि चेसी वेगळी, आपल्या जीपसारखी, सुमोसारखी. 2011 नंतर ती निघालीच नाही, तेव्हा आता मिळताहेत तोवर मिळतील. काचा, दिवे, गाद्या, प्लास्टिक सगळं काढलंस म्हणालीस. एअरबॅग काढल्यास का? बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नकोस.

पेट्रोलची टाकी. या गाडीची मूळ टाकी मागच्या एक्सलच्याही मागं असते, आणि तुम्ही मारणार डिकीनंच. म्हणून नियमात ती काढून छोटी टाकी मागच्या सीटच्या जागी बसवायला सांगतात. ती नुसती पट्ट्यानं बांधू नकोस. खाली पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारलास तर पत्रा फाटून बोल्टसकट टाकी वर येईल. चौकोनी पाइपचा पाळणा कर आणि तो चेसीपर्यंत ने, नियमात बसत असेल तसा. बॅटरी शेजारच्या सीटच्या पायाशी, लाकडात किंवा रबरात गच्च, वर झाकण. आणि या गाडीत धक्का बसला की पेट्रोलचा पंप आपोआप बंद करणारा एक स्विच डिकीत असतो. डर्बीत पहिल्याच धडकेला गाडी बंद पडेल म्हणून तुम्ही तो बाजूला काढणार. काढ, पण मग त्याचं काम तुझ्यावर आलं. मेन स्विच असा लाव की बेल्ट बांधलेला असताना डाव्या हातानंही बंद करता येईल आणि बाहेरून अग्निशमनवाल्यालाही दिसेल. डोळे मिटून दहा वेळा बंद करून बघ.

मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये स्टार पिनियन वेल्ड करून दोन्ही चाकं एकदम फिरवणार, ते ठीक. तुझा टाका चांगला असतो. रेडिएटरमध्ये कूलंट ठेवू देत नाहीत, साधं पाणी, तेही बरोबर. त्या मैदानाशेजारी गुरं बांधलेली असतात आणि कूलंट विषारी असून गोड लागतं.

आता जे फोनवर बोलायला हवं होतं ते. तू म्हणालीस, "जिथं जिथं वेल्डिंग करता येईल तिथं करून गाडी रणगाडा करणार." तिथंच मी भडकलो, आणि का भडकलो ते सांगितलं नाही.

तू सहावीत असशील. एका गाववाल्यानं जीपला पुढं रेल्वेच्या रुळाचा बंपर मारून घेतला होता, आणि मारून देणारा मी होतो. त्यानं मागितला, मी दिला, वर मजबूत झालं म्हणून पाठही थोपटून घेतली. घाटात जीप कठड्यावर गेली. ओढून आणली तेव्हा बंपरला ओरखडा होता, बोनट सरळ, चेसी दोरा लावून बघितली तर सूतभर फरक नाही. माणूस चार महिने अंथरुणावर होता, छातीच्या बरगड्या स्टिअरिंगवर मोडलेल्या. पत्र्यानं खायचा मार त्यानं खाल्ला. पुढं तो शॉपवर पेढे घेऊन आला होता, मला काही बोलला नाही. तो बंपर कापून मी भंगारात दिला आणि रुळाचं काम त्यानंतर कुणाचंच घेतलं नाही.

म्हणून सांगतो, डिकीला वाकू दे. वर दुमडेल अशी तिला खाच दे, म्हणजे चाकावर न बसता उभी दुमडेल. तेही नियम वाचून, कारण प्रत्येक जत्रेचे नियम वेगळे आणि तपासणीत कापायला लावतात. पुढचा भाग चुरगळू दे. घट्ट काय ठेवायचं, तर तुझ्या सीटमागचा आडवा पाइप, सीटचे पाय, तुझ्या बाजूचा दरवाजा आणि बेल्टच्या कड्या. ड्रायव्हरच्या दारावर धडक मारायची नाही असा नियम आहे, त्यासाठी दार वेगळ्या रंगानं रंगवतात. पण चिखलात घसरत येणाऱ्या गाडीला रंग दिसतोच असं नाही. आतून जाड फोम लाव. हेल्मेटबरोबर मानेचा पट्टाही घे, त्याचे पैसे मी पाठवतो, नको म्हणू नकोस.

आईला वाटतं मी अजून रागावलोय. काल तिनं मला विचारलं, "तिच्या गाडीवर नंबर कुठला घालणार?" म्हणजे तिला तू आधीच तुझ्या बाजूला वळवलेलं आहेस. तिचं म्हणणं 9, कारण आपल्या पहिल्या शॉपचा गाळा 9 नंबरचा.

टाकीच्या पाळण्याचा फोटो पाठव, वरून एक आणि गाडीखाली जाऊन एक. रंग देण्याआधी. रंगाखाली टाका दिसत नाही.

तुझे,
बाबा