श्रेयनामावलीची गळचेपी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत आपल्या स्तंभलेखकांनी चित्रपट-मालिकांची श्रेयनामावली वगळणाऱ्या 'स्किप'च्या बटणाचे गोडवे गायले आहेत. शेवटची नामावली 'तशीही कुणाला वाचता येत नाही', असेही त्यांचे म्हणणे. का वाचता येत नाही, हे लिहायचे बहुधा राहून गेले असावे, म्हणून कळवतो.

केबलवरच्या साध्या वाहिनीचे चित्र 576 आडव्या प्रकाशरेषांचे म्हणजे ओळींचे, सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम). नामावली चौकटीमागे 2 ओळी सरकली, तर एक नाव तळापासून माथ्यापर्यंत साडेअकरा सेकंदांत जाते. सावकाश वाचून होते. 4 ओळी सरकली तरी पावणेसहा सेकंद मिळतात. आकडा सम ठेवतात, कारण प्रत्येक चौकट एकाआड एक ओळी घेत दोन फेऱ्यांत दाखवली जाते. अडीच-साडेतीन अशी अधलीमधली गती दिली की अक्षरे थरथरू लागतात. संकलक हे सगळे सांभाळून देतो. मग वाहिनी काय करते? ती नामावली एक तृतीयांश करून कोपऱ्यात ढकलते आणि मोकळ्या जागेत रात्रीच्या मालिकेतल्या सुनेचे अश्रू दाखवते!

36 ओळींचे अक्षर 12 ओळींत कोंबले तर रोमन लिपी कशीबशी तगते. देवनागरीला वर रफार-मात्रा, खाली उकार, शिवाय शिरोरेघ. 3 ओळींची रेघ 1 ओळीची झाली की ती एकाच फेरीत उमटते, दुसरीत गायब. म्हणजे सेकंदाला 25 वेळा लुकलुकते. कुलकर्ण्यांचा रफार वेलांटीत मिसळतो आणि उरतो तो पांढरा डाग. परवा एका मराठी वाहिनीने जुन्या चित्रपटाची अख्खी नामावली अशीच गिळली. त्या काळी पाट्या हाताने रंगवून, वेगळ्या चित्रित करून प्रयोगशाळेत दृश्यावर चढवत. तो भाग प्रतीवरून काढलेली प्रत असल्यामुळे थोडा दाणेदार दिसतो, आणि एक ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी तेवढी फीत पुन्हा करावी लागे. स्तंभलेखकांना हा खटाटोप 'वेळकाढूपणा' वाटतो. असो.

'मालगुडी डेज' मालिकेच्या नामावलीतली आर. के. लक्ष्मण यांची रेखाटने वगळून कोणती घाई साधणार? 'भारत एक खोज' (1988) ही मालिका ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने उघडते आणि हिरण्यगर्भ सूक्ताने मिटते. शेवट छाटला की संगीतकार वनराज भाटियांचे अर्धे काम छाटले. ओटीटीवर तर डबिंग कलाकारांच्या पाट्या बहुधा मूळ नामावली संपल्यावर जोडलेल्या असतात. पुढचा भाग आपोआप सुरू झाला की मराठी आवाज कुणाचा होता, हे कधीच कळत नाही. सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' बंद करता येते, एवढी एक उपयुक्त ओळ त्या स्तंभात बसली असती.

लताबाईंचा जन्म इंदूरचा. 'महल' चित्रपटाच्या (1949) तबकडीवर गायिका म्हणून आधी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले होते. नावांनी काय फरक पडतो, हे निदान इंदूरच्या आवृत्तीत तरी विचारू नये.

जाता जाता : त्या स्तंभावरचे रेखाचित्र छान होते, पण चित्रकाराचे नाव कुठेच नाही. आणि इथे मराठी चित्रपट लागतो तेव्हा बहुधा दिवसाला एकच खेळ असतो. त्याची वेळ आपल्या सिनेमाच्या पानावर छापून येत नाही. चौकशीला थिएटरवर जावे तर खेळ निम्मा झालेला असतो.

आपला,
एक वर्गणीदार, रामबाग, इंदूर